फक्त आम्ही दोघांनी न पाहिलेला उल्कावर्षाव

दिवाळीनंतरच्या सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता हसनभाई मुकादम वारले. दुकानात दोन्ही हात पसरून दोर मोजत होते. अकरा वाव मोजून झाले आणि बाराव्याला ते खाली बसले. गिऱ्हाईक समोर उभं होतं. त्यानं शेजारच्या दुकानदाराला हाक मारली, शेजाऱ्यानं डॉक्टरांना बोलावलं, डॉक्टर आले आणि मान हलवून गेले. मला फोन आला तेव्हा मी वाचनालयात पुस्तकांच्या पाठीवर नंबर चिकटवत होतो. हातातल्या पुस्तकाचा नंबर चिकटवला, वाचनालयाला कुलूप लावलं आणि निघालो.

असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजानंतर दफन झालं. इतरांच्या मागोमाग मीही तीन मुठी माती दिली आणि बाजूला सरलो. भरडखोलचे कोळी बांधव बरेच आले होते. हसनभाईंकडून जाळी आणि दोर नेणारी ही माणसं, बहुतेकांची दुसरी पिढी. त्यांतले हिराजी हातातली टोपी चुरगाळत म्हणाले, "शेठ गेला. आता रातचा वर बगणारा गावात कोण ऱ्हायला?" कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्ये हायेत ना, लायब्ररीवालं." हिराजींनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि खेदानं म्हणाले, "ह्ये? ह्ये तं खाली बगून लिवतात."

कब्रस्तानातून परतताना मला हसू आलं आणि त्याची लाजही वाटली. पण हिराजींचं म्हणणं खरंच होतं. सव्वीस-सत्तावीस वर्षं आम्ही दोघांनी मिळून उल्का पाहिल्या, आणि त्यांतला बराचसा वेळ मी मान खाली घालून लिहीत होतो. आज दीड-दोन महिने झाले. आता जे लिहितो आहे तेही मान खाली घालूनच.

बोर्ली पंचतनच्या बाजारात हसनभाईंचं जाळी, दोर, जाळ्याला बांधायचे तरंगते बोये आणि ताडपत्री यांचं दुकान होतं. त्याआधीची सोळा वर्षं त्यांनी आखातात काढली, वाळवंटातल्या एका तेलाच्या ठिकाणी स्टोअरकीपर म्हणून. रात्री अकराला जनरेटर बंद व्हायचा. "तिथं बघण्यासारखं दुसरं काय नव्हतं," ते सांगायचे, "आणि वर बघायला कोणाची परवानगी लागत नव्हती." गावात परतणारे लोक टेपरेकॉर्डर आणि मखमली ब्लँकेटं घेऊन यायचे. हसनभाई आले ते दोन घडीच्या आरामखुर्च्या घेऊन. एक स्वतःसाठी, दुसरी बायकोसाठी, म्हणजे रुकय्याभाभींसाठी. भाभी एकदा बसल्या, सात मिनिटांत झोपल्या आणि पुन्हा त्या खुर्चीकडे फिरकल्या नाहीत. ती दुसरी खुर्ची पुढे माझ्या वाट्याला आली.

आमची ओळख झाली ती पुस्तकावरून. वाचनालयात आकाशाविषयीचं एकच पुस्तक होतं, आणि ते हसनभाईंनी नेलं ते चार वर्षं परत केलं नाही. त्यांचं दुकान वाचनालयापासून दोनशे पावलांवर. तरी नियमाप्रमाणे मी पोस्टकार्ड टाकलं. उत्तर नाही. दुसरं टाकलं. त्याला मात्र पोस्टानंच उत्तर आलं, "पुस्तक सुखरूप आहे. चौऱ्याऐंशीव्या पानावर आहे. डिसेंबरात यावे." मी नवा होतो, तरुण होतो आणि नियमांचा पक्का होतो. तिसरं पत्र खिशात घालून मी स्वतः त्यांच्या घरी गेलो. तेव्हा गच्ची नव्हती, अंगणातच त्या दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या. एका खुर्चीत एक दाढीवाला गृहस्थ कानटोपी घालून, अंगावर शाल ओढून, तोंड वर करून पडला होता.

"ही तिसरी आणि शेवटची सूचना आहे," मी म्हणालो.

"बसा," ते वर बघतच म्हणाले. "आत्ता मिथुन रास चांगली वर आलीय. पुस्तकात जे लिवलंय ते खरं हाय की खोटं, तेवढं बघू. खोटं निघालं तर परत करतो."

मी बसलो. पहिल्या पाच मिनिटांत एक चमकदार रेघ आकाशातून गेली आणि मी नकळत खुर्चीतून उठलो. "खरं हाय वाटतं," हसनभाई म्हणाले. "म्हणजे पुस्तक ठेवावं लागणार." त्या रात्रीपासून मी त्यांच्यासाठी 'लायब्ररी' झालो. बाजारात, मशिदीच्या कोपऱ्यावर, एसटी स्टँडवर, कुठंही गाठ पडली तरी "काय ओ लायब्ररी!" त्यांच्या घरातले सगळे तेच म्हणू लागले. माझं खरं नाव भाभींना ठाऊक आहे की नाही, याची मला अजूनही खात्री नाही.

उल्का मोजण्याचे त्यांचे नियम वाचनालयापेक्षा कडक होते. दोघांनी दोन दिशांना तोंड करून पडायचं. ते पूर्वेकडे, मी समुद्राकडे. प्रत्येकाची वही वेगळी. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली तेवढीच लिहायची, दुसऱ्यानं ओरडून सांगितलेली आपल्या वहीत घ्यायची नाही. "दुसऱ्याचं उष्टं आकाश आपल्याला चालत न्हाय," असं ते म्हणत. चूक झाली तर खोडायचं नाही, एक रेघ मारून वर बरोबर लिहायचं, म्हणजे आधी काय चुकलो होतो तेही दिसतं. हे सगळं मला मनापासून पटलं. अडचण एवढीच की मला लिहायला वेळ लागे. एक उल्का दिसली की मी लाल कागद लावलेला टॉर्च पेटवून वेळ लिही, दिशा लिही, तेज किती ते लिही. तोवर आणखी दोन जात. एका डिसेंबरात त्यांच्या एकतीस झाल्या आणि माझ्या नऊ. "तुमच्या बाजूचं आकाश नादुरुस्त हाय," ते म्हणाले आणि आम्ही खुर्च्या बदलल्या. नंतरच्या तासात त्यांच्या अठ्ठावीस, माझ्या सात. मग मी न बघता अंधारात लिहायचा सराव केला. दुसऱ्या दिवशी वही उघडली तर सगळे आकडे एकावर एक बसलेले. हसनभाईंनी ते पान उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "ह्यो तर जाळ्याचा गुंता झाला. सोडवायला भरडखोलास पाठवूया."

उल्का बघणं ही काही भरवशाची गोष्ट नाही, हे मी हळूहळू शिकलो. पंचांगात वर्षाव असतो आणि आकाशात चंद्र असतो. चंद्र नसतो तेव्हा ढग असतात. दोन्ही नसतात तेव्हा शेजारी लग्न असतं आणि मांडवाचे हॅलोजन थेट डोळ्यांत येतात. हे काहीच नसतं तेव्हा उल्काच नसतात, आणि आपण दवात भिजून पहाटे खोकत घरी येतो. सगळ्यात हौसेची रात्र ऑगस्टातली. ययाती तारकासमूहातल्या उल्का जगभर लोक बघतात, पण आपल्याकडे तेव्हा भर पावसाळा. तरी दर बारा ऑगस्टला हसनभाई दुकानातली ताडपत्री आणून बांधत आणि तिच्याखाली आम्ही दोघं तासभर बसत असू. तास संपला की दोघांच्या वहीत शून्य. मी एकदा विचारलं की दिसणार नाही हे माहीत असताना बसायचं कशाला. ते म्हणाले, "आपण जाग्यावर होतो हे कोण लिवणार मग?" एकाच वर्षी चार मिनिटं ढग फाटले आणि लखलखीत आकाश उघडलं. ती चार मिनिटं आम्ही दोघंही ताडपत्री कुठं गळते आहे ते शोधत होतो.

आता त्या नोव्हेंबरची गोष्ट सांगायला हवी. गेल्या शतकाच्या अगदी शेवटाला सिंह राशीतल्या उल्कांचा मोठा वर्षाव होणार, असं सगळ्या वर्तमानपत्रांत आलं होतं. हसनभाईंनी महिनाभर आधीपासून गावाला सांगून ठेवलं. दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दोराबरोबर तारीख आणि वेळ मिळत होती. दिवेआगरच्या किनाऱ्यावर सगळ्यांनी चटया घेऊन जमायचं ठरलं. अख्खी रात्र जागायची म्हणून आदल्या रात्री त्यांनी मला बजावलं, "आज नऊलाच झोपायचं. झोपेचा साठा करून ठेवा." मी शहाण्या मुलासारखा नऊला झोपलो. तेही झोपले.

आणि त्या आदल्या रात्रीच आकाश कोसळलं. विद्वानांचा अंदाज थोडक्यात चुकला होता. सकाळी हसनभाई दुकान उघडतात न उघडतात तोच भरडखोलचे सात-आठ जण दारात उभे. मी पेपर आणायला तिथं गेलो होतो, म्हणून हे सगळं मी माझ्या कानांनी ऐकलं. हिराजी, तेव्हा तरणेबांड, पुढं होऊन म्हणाले, "शेठ, तुमी तारीख चुकीची दिलीत का आमाला गंमत म्हणून आदी दाखवलीत?"

"काय दाखवलं?"

"आता काय दाखवलं म्हंतात! अवो, होडीत जाळ्याचं घर न् घर मोजता येत व्हतं. एक इजत न्हाय तवर दुसरी. म्हातारा तं वल्हं टाकून हात जोडून बसला. म्हणाला, हसनशेठनं कायतरी चावी फिरवली."

हसनभाईंना वाटलं, चेष्टा चाललीय. तेवढ्यात दूधवाला आला आणि त्यानंही तेच सांगितलं. मग मशिदीत पहाटे गेलेले दोघे आले. हसनभाई दुकान तसंच उघडं टाकून घरी निघाले, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मी मागोमाग गेलो. भाभी अंगणात होत्या. नळाला पहाटे साडेचारला पाणी यायचं, त्या रोज त्या वेळी उठायच्या.

"तू काय बघितलंस काय?" हसनभाईंनी विचारलं.

"बघितलं की. पाणी भरीत होते. वर नुसती दिवाळी. बादली भरून वाहून गेली तरी मला समजलं न्हाय."

"मग मला उठवलं का न्हाय?"

"तुमीच म्हणालात, उद्या जागायचंय, घराला आग लागली तरी उठवू नको." भाभी शांतपणे म्हणाल्या. "आग काय घराला लागली नव्हती."

ठरलेल्या रात्री दिवेआगरच्या किनाऱ्यावर शे-दीडशे माणसं जमली. चटया, पोरंबाळं, वडे, चहाच्या किटल्या. पहाटेपर्यंत तुरळक उल्का गेल्या, बारीक आणि दूरदूरच्या. हसनभाई प्रत्येक वेळी उभे राहून हात करत होते आणि लोक सौजन्यानं माना वर करत होते. शेवटी एक म्हातारी गुडघे धरून उठली आणि म्हणाली, "हसन, बाबा, काल चांगल्या व्हत्या. कालच का न्हाय बोलावलंस?" किनारा रिकामा झाला तेव्हा सुरूच्या झाडांखाली आम्ही दोघंच उरलो. ते चटई गुंडाळू लागले. मग म्हणाले, "लायब्ररी, अख्ख्या पंचक्रोशीत आपण दोघंच राहिलो... ज्यांनी ते बघितलं न्हाय, असे."

तेव्हापासून त्यांनी एका गोष्टीचा ध्यास घेतला. उल्का त्यांनी पुढे हजारांनी पाहिल्या, पण त्यांना हवी होती ती एक, जिच्या उजेडात माणसाची सावली पडते. कोळ्यांनी पाहिली होती, भाभींनी बादलीशेजारी पाहिली होती. दोन वर्षांनी घरावर गच्ची चढवली तेव्हा त्यांनी सबंध गच्चीला पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवून घेतले. गवंड्याला सांगितलं, घर थंड राहतं म्हणून. मला सांगितलं, "सावली पांढऱ्यावर उठून दिसते." शेजारच्या बंगल्यावाल्यांनी मोठा एलईडी लावला तेव्हा त्यांच्याकडे जाऊन, चहा पिऊन, मुलाबाळांची चौकशी करून त्यांनी परवानगी मिळवली आणि दर डिसेंबरला तीन रात्रींसाठी त्या दिव्याला काळ्या ताडपत्रीचं इरलं घालू लागले. एका वर्षी तर अशी रात्र मिळाली की आम्ही दोघं लिहायचंच विसरलो. सकाळी वाद सुरू झाला. ते म्हणाले शंभरावर, मी म्हणालो ऐंशी. शेवटी त्यांनीच निकाल दिला, "न लिवलेलं झालंच न्हाय." आमच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली रात्र त्यामुळे दोघांच्याही वहीत नाही. त्याही रात्री सावली पडेल अशी एकही नव्हती.

ती आली बारा-तेरा वर्षांपूर्वीच्या एका डिसेंबरात. रात्री अकराचा सुमार. भाभींनी थर्मासमध्ये लिंबू घातलेला काळा चहा दिला होता. हसनभाई झाकण उघडायला गेले, ते हातातून सुटलं आणि घरंगळत त्यांच्या खुर्चीखाली गेलं. ते गुडघ्यांवर आणि हातांवर आले, टॉर्च पेटवला आणि खुर्चीखाली डोकं घातलं. "झाकण बारीक, पण धावतं कसं बघा," असं काहीतरी म्हणत होते. मी वर पाहत होतो. कधी नव्हे ते मी लिहीत नव्हतो.

डोक्यावरून, मिथुन राशीच्या बाजूनं, एक हिरवट निळा गोळा निघाला आणि आवाज न करता समुद्राकडे गेला. तीन सेकंद असेल. मला नारळाच्या झावळीची पात न् पात दिसली, बाजारातल्या पत्र्यांच्या पन्हळी दिसल्या. मग सगळं होतं तसं काळं झालं. मागं धूर नाही, रेघ नाही. मिथुन राशीतल्या उल्कांचा तो स्वभावच आहे, खूण मागे ठेवत नाहीत.

हसनभाई झाकण घेऊन खुर्चीखालून बाहेर आले. "काय गेली काय?" त्यांनी विचारलं.

"गेली एक," मी म्हणालो.

"कशी होती?"

त्या क्षणी मला किनाऱ्यावरची ती पहाट आठवली. आपण दोघंच राहिलो, हे त्यांचं वाक्य आठवलं. आता ते एकटेच राहिले होते, आणि तेही एका झाकणापायी. हे त्यांना सांगणारा मी कोण?

"बारीक," मी म्हणालो.

"लिवा मग."

मी टॉर्चच्या उजेडात लिहिलं, 'एक, बारीक.' वाचनालयाच्या नोकरीत एखाद्या पुस्तकाचं पानसुद्धा मी कधी चुकीचं नोंदवलं नव्हतं. हसनभाई टॉर्च माझ्या वहीवर धरून उभे होते. माझी समजूत अशी की डोकं खुर्चीखाली आणि हातात टॉर्च, त्यामुळे त्यांना काहीच कळलं नव्हतं.

त्यानंतर दर वर्षी, निदान एकदा, दोन उल्कांच्या मधल्या रिकाम्या वेळात ते विचारायचे. "काय ओ लायब्ररी, कधी मोठी बघितलीत काय?"

"नाही."

"खरं?"

"खरं."

"मग अजून आपण दोघंच," असं म्हणून ते पुन्हा वर बघू लागायचे. ते वाक्य मला दर वेळी टोचायचं. सांगून टाकावं, असं कितीदा मनात आलं. त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आम्ही एसटीनं निघालो होतो. मी धीर करून म्हणालो, "हसनभाई, एक सांगायचंय." ते म्हणाले, "गंभीर हाय काय? मग येताना सांगा, आत्ता मला डोळ्याची काळजी हाय." येताना त्यांच्या डोळ्याला पट्टी होती. डोळ्यावर पट्टी बांधलेल्या माणसाला, तुम्ही आयुष्यभर शोधत होतात ते मी पाहिलं, असं कसं सांगणार? नंतर सांगू, नंतर सांगू, असं करता करता दोर मोजायचा तो सोमवार आला.

ते गेल्यावर मला सगळ्यात जास्त हेच सलत राहिलं. मी त्यांच्याशी इतकी वर्षं खोटं बोललो, आणि आता ते दुरुस्त करायला समोर माणूसच नव्हता. रेघ मारायची तर कोणासमोर?

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात भाभींचा निरोप आला, वह्या घेऊन जा. भाभी इद्दतीत आहेत. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस बाईनं घरातच राहायचं, परक्या पुरुषासमोर यायचं नाही, अशी रीत आहे. म्हणून मी पडवीत बाकावर बसलो आणि माजघराच्या दाराला लावलेल्या पडद्यामागून भाभींचा आवाज आला.

"लायब्ररी आले काय?"

"आलो, भाभी."

"बसा. सूनबाई चहा आणते. मी एक विचारते, खरं सांगायचं. आता खोटं बोलून तुमाला कोणाला वाचवायचं न्हाय."

मी बाकावर सरसावून बसलो.

"ती मोठी तुमी बघितलीत ना?"

मी म्हणालो, "बघितली, भाभी. त्यांना..."

आणि पडद्यामागून हसण्याचा आवाज आला. आधी दाबलेला, मग अगदी मोकळा. मग पदरात तोंड घातल्यासारखा. जरा वेळानं त्या बोलू लागल्या. "त्या रातीला खाली आले ते हसतच. म्हणाले, रुकय्या, सावली बघितली. मी म्हटलं, कोणाची? तर म्हणे, माझीच. मला वाटलं ह्यांचं डोकं फिरलं. मग बसून सांगितलंनी. झाकण शोधीत होते, तर खालची फरशी एकदम उजळली आणि ह्यांचीच सावली समोरून सरकत गेली, दाढीसकट. म्हणे, मान वर करीपर्यंत संपलं."

"मग मला का नाही सांगितलं त्यांनी?"

"तुमी सांगितलंत काय?" भाभी म्हणाल्या. "मी पण हेच विचारलं ह्यांना. म्हणाले, तो माणूस जन्मात पहिल्यांदा खोटं बोलला, आणि ते पण माझ्यासाठी. त्याचं खोटं मोडायला माझा जीव होत न्हाय." त्या पुन्हा हसल्या. "पण दर साली विचारायचे ना तुमाला? खाली येऊन मला सांगायचे, आज पण न्हाय बोलला. पक्का हाय. लायब्ररी बंद म्हणजे बंद. आमी दोगं हसायचो. तुमी दोगांनी मिळून बारा सालं माझं पोट दुखवलंत."

चहा आला. मी तो प्यायलो, पण तो गरम होता की गार, ते आठवत नाही. मग भाभींचा आवाज आला, जरा घोगरा. "वर जाणार ना यंदा? त्या दिव्याला इरलं मी सूनबाईकडून घालून ठेवते. आणि जे दिसंल ते खाली येऊन सांगायचं. मला सांगायचं."

त्या रात्री मी गच्चीवर एकटा पडलो. दोन तासांत बावीस. खाली आलो तेव्हा पडवीतला दिवा चालू होता आणि पडद्यामागं कोणीतरी जागं होतं. "बावीस," मी सांगितलं. "मोठी एकही नाही."

"खरं?"

"खरं, भाभी."

"शप्पत?"

"शपथ."

घरी येऊन हसनभाईंच्या वह्या उघडल्या. ती तारीख सापडायला वेळ लागला नाही. त्यांनी रकाने पाडले होते. उल्कांच्या रकान्यात त्या वेळेपुढे आडवी रेघ होती, कारण ती उल्का त्यांनी स्वतः पाहिली नव्हती आणि दुसऱ्याचं आकाश त्यांना चालत नव्हतं. शेऱ्याच्या रकान्यात त्यांच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, 'सावली एक. माझीच. मागून पुढे फिरली. उल्का लायब्ररीने पाहिली असावी. बोलले नाहीत. विचारले, बारीक म्हणाले.'

मी माझी वही काढली. 'एक, बारीक' यावर एक रेघ मारली आणि वर लिहिलं, 'एक, फार मोठी. हिरवट निळी. सावली पडली. सावलीचे निरीक्षक: हसन मुकादम.' खाली दुरुस्तीची तारीख टाकली आणि सही केली.

दोघांच्या वह्या आता वाचनालयात आहेत, त्यांच्याबरोबर अखेर परत आलेल्या आकाशाच्या त्या एका पुस्तकाशेजारी, एकाच कप्प्यात. रजिस्टरला त्यांची नोंद केली आहे आणि पाठीवर नंबर चिकटवले आहेत. अजून कोणी वाचायला मागितलेल्या नाहीत.